अंतराळयानाच्या खिडकीतला दिवा

विज्ञानकथांमधील अंतराळयानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवण्याच्या छंदात खरी कसोटी लागते ती प्रकाशाच्या आणि रंगाच्या कामात. यानाचा सांगाडा साडेतीनशेपट लहान करणे हे साच्याचे काम असते आणि ते कारखान्यात आधीच उरकलेले असते. पण त्या यानावर पडणारा, त्याच्या खिडक्यांतून बाहेर येणारा आणि त्याच्या इंजिनांत धगधगणारा प्रकाश तितक्याच पटीने लहान करून देणारा साचा कोठेही मिळत नाही. रंगाचेही तसेच आहे, कारण डबीतला रंग प्रतिकृतीसाठी आपली जाडी आणि चकाकी आपणहून कमी करत नाही. या छंदातील जवळजवळ सगळी तंत्रे याच एका अडचणीतून जन्मली आहेत, आणि ती ध्यानात घेतली म्हणजे वरवर क्लिष्ट वाटणाऱ्या कृतींचा अर्थ आपोआप उलगडत जातो.

या छंदात ‘किट’ म्हणून ओळखला जाणारा संच म्हणजे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे साच्यातून काढलेले सुटे भाग, ते जोडण्याची सचित्र सूचनापत्रिका आणि यानावर चिकटवायच्या अक्षरचिन्हांचा कागद. संचाच्या खोक्यावर १:३५०, १:१००० किंवा १:७२ असे प्रमाण छापलेले असते. ‘स्टार ट्रेक’ या १९६६ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतील ‘एंटरप्राइज’ या यानाची कल्पित लांबी सुमारे २८९ मीटर मानली जाते. १:३५० प्रमाणात ती सुमारे ८३ सेंटिमीटर होते आणि १:१००० प्रमाणात २९ सेंटिमीटर. पहिल्या प्रमाणात साधारण उंचीचा माणूस जेमतेम ५ मिलिमीटरचा उरतो. आता हाच गुणाकार उलट्या दिशेने करून पाहिला, तर अडचण किती मोठी आहे ते कळते. बाजारात सहज मिळणारा ५ मिलिमीटर व्यासाचा एलईडी दिवा १:३५० प्रमाणाच्या यानात तसाच बसवला, तर तो पावणेदोन मीटर व्यासाचा, म्हणजे माणसाच्या उंचीचा दिवा ठरतो. कुंचल्याने दिलेला दशांश मिलिमीटर जाडीचा रंग साडेतीन सेंटिमीटर जाडीच्या गिलाव्यासारखा होतो, आणि पत्र्यांचा जोड दाखवण्यासाठी ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ साडेसतरा सेंटिमीटर रुंदीची नाली बनते. पाहणाऱ्याने असला हिशेब कधी केलेला नसतो, तरी त्याच्या डोळ्याला ती विसंगती ताबडतोब खुपते. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात तेव्हा महादरवाजापेक्षा उंच झालेला मावळा जसा खटकतो, तसाच हा प्रकार आहे.

चित्रपट-मालिकांसाठी मोठ्या प्रतिकृती बांधणाऱ्यांनाही ही अडचण चुकली नव्हती. ‘एंटरप्राइज’ची चित्रीकरणासाठीची मुख्य प्रतिकृती १९६४ मध्ये तयार झाली आणि ती सुमारे ३.४ मीटर लांब होती. तिच्यात दिवे बसवल्यावर त्यांच्या तारा डाव्या अंगाने बाहेर काढाव्या लागल्या, म्हणून ती बाजू पुढे अपुरीच राहिली आणि यानाचे चित्रीकरण प्रामुख्याने उजव्या बाजूने होत गेले. ही प्रतिकृती १९७४ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेला देण्यात आली आणि २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तिच्यात एलईडी दिवे बसवले गेले. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या १९६८ च्या चित्रपटासाठी ‘डिस्कव्हरी’ यानाची सुमारे साडेसोळा मीटर लांबीची प्रतिकृती उभारण्यात आली होती. प्रतिकृती जितकी मोठी तितकी प्रकाशाची फसगत कमी, हा त्यामागचा सरळ विचार होता. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) वेळी वेगळा मार्ग सापडला. संगणकाच्या नियंत्रणाखाली कॅमेऱ्याची हालचाल पुन्हा पुन्हा अगदी तशीच करता येऊ लागल्यामुळे यानाचा बाह्य भाग एका फेरीत आणि त्यावरील दिवे दुसऱ्या फेरीत, निरनिराळ्या प्रकाशमानाने टिपून ती चित्रे नंतर एकत्र करता येत असत. छंद म्हणून प्रतिकृती करणाऱ्याला ही मुभा नसते, कारण त्याची कृती प्रत्यक्ष डोळ्यांसमोर ठेवली जाते आणि रंग व दिवे एकाच वेळी दिसावे लागतात. म्हणूनच घरगुती टेबलावर होणारे हे काम स्टुडिओतील कामाहून सोपे मानणे योग्य नाही.

महाराष्ट्राला प्रतिकृतीची विद्या परकी नाही. दादासाहेब फाळके यांना चित्रपटाच्या कितीतरी आधी, १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात, आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी सुवर्णपदक मिळाले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या या कलावंताने पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत जी अद्भुत दृश्ये दाखवली, त्यांच्यामागे हस्तकौशल्य आणि छायाचित्रण यांचा हाच संगम होता. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या संग्रहातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहता येते, आणि तेथील रूळ, सिग्नल, दिव्यांचे खांब व वस्ती पाहताना छोट्या जगात दिवा केवढा असावा हा प्रश्न किती कसोशीने सोडवावा लागतो याची कल्पना येते. रेल्वेच्या प्रतिकृतींसाठी जगभर सर्वाधिक रूढ असलेल्या १:८७ या प्रमाणात नऊ मीटर उंचीचा खांब सुमारे दहा सेंटिमीटरचा होतो आणि त्यावरचा दिवा तीन-साडेतीन मिलिमीटरचा. गणेशोत्सवातील देखाव्यांनीही विजेच्या खेळाची मोठी परंपरा जोपासली आहे. चंद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या उत्सवात राज्यातील अनेक मंडळांनी त्याचे देखावे उभारले. देखाव्याचा प्रकाश दुरून येणाऱ्या गर्दीला खेचून घेण्यासाठी असतो, तर प्रतिकृतीचा प्रकाश हातभर अंतरावरून पाहणाऱ्यासाठी असतो, हा या दोहोंतील फरक मात्र विसरता येत नाही, आणि उत्सवातील सरावाने तयार झालेला हात प्रतिकृतीत दिवे जास्त प्रखर ठेवतो याचे कारणही तेच आहे.

दिव्यांच्या कामाची सुरुवात दिव्यापासून होत नाही. ती अंधारापासून होते. संचातील प्लास्टिक बहुधा एखाद्या मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि आत दिवा लावला की ते कागदी आकाशकंदिलासारखे सगळीकडून उजळते. पोलादाचे म्हणून दाखवायचे यान एका क्षणात पोकळ खेळणे दिसू लागते. हे टाळण्यासाठी प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी आतून काळा रंग दोनदा दिला जातो आणि तो सुकल्यावर त्यावर पांढरा किंवा चंदेरी थर चढवला जातो. काळा थर प्रकाश अडवतो, तर वरचा पांढरा थर आतला प्रकाश परतवून तो सर्व खिडक्यांपर्यंत सारखा पसरवतो. दोन भाग जेथे चिकटतात त्या सांध्यातून केसाएवढी फट राहिली तरी प्रकाशाची रेघ बाहेर येते, म्हणून सांधे पुट्टीने भरून, पॉलिश पेपरने घासून, अंधाऱ्या खोलीत पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. या कंटाळवाण्या कामाला जो वेळ देतो त्याचीच प्रतिकृती पुढे विश्वासार्ह ठरते.

एलईडी येण्यापूर्वी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब वापरले जात. ते तापत, त्यांच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडण्याची भीती असे आणि बल्ब गेला तर जोडलेले यान फोडावे लागे. निळा एलईडी साधल्यानंतर पांढरा एलईडी शक्य झाला, आणि निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्टचा दाब आणि पूर्ण तेजासाठी २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तो ९ व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडला तर जळतो, म्हणून मध्ये रेझिस्टर, म्हणजे प्रवाह रोखून धरणारा घटक, घालावा लागतो. उरलेल्या ६ व्होल्टला ०.०२ अँपिअरने भागले की ३०० ओहम हे उत्तर येते आणि बाजारात त्याच्या जवळचा ३३० ओहमचा रेझिस्टर मिळतो. परंतु हे गणित दिवा पूर्ण तेजाने पेटवण्याचे झाले. यानाच्या खिडकीला त्याच्या निम्मेही तेज चालत नाही, म्हणून जाणकार येथे १ ते २.२ किलोओहमचे रेझिस्टर घालून प्रवाह जवळपास ६ ते ३ मिलिअँपिअरवर आणतात. प्रकाश लहान करता येत नाही, मात्र मंद करता येतो, आणि डोळा त्या मंदपणालाच अंतर समजतो.

खिडक्यांचा प्रश्न प्रकाशतंतूंनी सुटतो. अॅक्रिलिकच्या या बारीक तंतूंत एका टोकाने शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो; पाव, अर्धा, पाऊण आणि एक मिलिमीटर अशा जाडीत ते मिळतात. १:१००० प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचा तंतू म्हणजे पन्नास सेंटिमीटरची खिडकी, आणि जहाजाच्या गोल खिडकीशी हे माप बरोबर जुळते. यानाच्या भिंतीला बारीक ड्रिलने छिद्रे पाडून त्यांत तंतू ओवायचे, आत त्यांची जुडी बांधून एकाच दिव्यासमोर धरायची आणि रंगकाम आटोपल्यावर बाहेर आलेली टोके भिंतीलगत कापायची, अशी ही रीत आहे. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद लागला की तंतू ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून येथे सौम्य पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरणे हिताचे. सगळ्या खिडक्या पेटवण्याचा मोह आवरणे हे तितकेच महत्त्वाचे आहे. रात्री कोणत्याही मोठ्या इमारतीकडे पाहिले तर काही खिडक्या अंधाऱ्या, काही पिवळसर, काही पांढऱ्या असतात, आणि यानातही माणसे राहतात हे अशाच असमानतेने पटते. त्यासाठी काही जुड्यांसमोर ३००० केल्विनच्या आसपासचा उबदार दिवा आणि काहींसमोर ६५०० केल्विनचा शुभ्र दिवा ठेवला जातो. केल्विन हे प्रकाशाचा रंग सांगणारे मान असून आकडा वाढतो तसा प्रकाश पिवळ्याकडून निळसर पांढऱ्याकडे झुकतो.

उघडझाप करणाऱ्या दिव्यांसाठी हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली ५५५ ही टायमर चिप आजही पुरते. १० आणि ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टर व १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिला जोडला की दिवा सुमारे दर सेकंदाला एकदा लागतो.

रंगकामात प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, दिल्यावर मूळ रंग एअरब्रशने फवारला जातो. पेनासारख्या धरायच्या या अवजारात हवेच्या दाबाने रंगाचे सूक्ष्म तुषार होतात आणि एका थराची जाडी कुंचल्याच्या थरापेक्षा कितीतरी कमी राहते. त्यानंतर ‘वॉश’ येतो, म्हणजे अतिशय पातळ केलेला काळा-तपकिरी रंग, जो पत्र्यांच्या सांध्यांत आपोआप ओढला जातो आणि तेथे सावली निर्माण करतो. वस्तू लहान झाल्याने तिच्या खाचा खऱ्या प्रकाशात पुरेशी सावली पाडत नाहीत, म्हणून सावली रंगवून द्यावी लागते. आणि कडांवर खरा प्रकाश पुरेसा चमकत नाही, म्हणून जवळजवळ कोरड्या कुंचल्याने तेथे फिका रंग घासावा लागतो. चित्रकार सपाट पृष्ठावर जे करतो तेच येथे त्रिमित वस्तूवर केले जाते. अक्षरचिन्हांच्या पाण्यात भिजवून लावायच्या पातळ पापुद्र्यांना ‘डेकल’ म्हणतात. ते चकचकीत थरावर लावले तरच खाली हवा अडकत नाही, आणि मग सर्वांवर मॅट थर देऊन ती चकाकी मारून टाकली जाते, कारण चकाकी हे लहान आकाराचे सर्वांत मोठे चुगलखोर लक्षण आहे.

मूळ रंग थोडा फिका करावा की नाही, याविषयी मतभेद आहे. विमानांच्या प्रतिकृती करणारे तो फिका करतात, कारण दूरच्या वस्तूवर हवेचा पडदा येतो. अंतराळात हवा नसते, तेव्हा तेथे फिकेपणा अनाठायी, असे काहींचे म्हणणे आहे. ते अर्धेच खरे आहे. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो आणि घरात जेमतेम तीनशे ते पाचशे. एवढ्या कमी प्रकाशात गर्द रंग काळवंडतो आणि त्यातले बारकावे नाहीसे होतात. म्हणून शुद्ध काळ्याऐवजी गडद करडा आणि शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित राखट रंग घेणे हेच खोलीत ठेवायच्या प्रतिकृतीला मानवते.

नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी हे संच दुकानात मांडलेले दिसणार नाहीत, पण त्यांच्या अंतर्भागासाठी लागणारे बरेच साहित्य मराठवाड्यात हाताशी आहे. शेतीपंपांच्या मोटारी भरून देणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानांतील एनॅमलचे आवरण असलेली बारीक तांब्याची तार ही प्रतिकृतीतील अरुंद जागेतून नेण्यास सर्वांत सोयीची असते. मात्र सोल्डर करण्यापूर्वी टोकावरचे एनॅमल खरवडावे लागते. हवामान मात्र सांभाळून घ्यावे लागते. उन्हाळ्यात पारा बेचाळिसापलीकडे गेला की अॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या तोंडाशीच सुकतो किंवा तुषार वाटेतच कोरडे होऊन पृष्ठावर भुकटी जमते, म्हणून फवारणी पहाटे करून रंगात सुकणे लांबवणारे रिटार्डर घालावे. पावसाळ्यात उलट घडते: लॅकर प्रकारच्या रंगातील द्रावक वेगाने उडताना पृष्ठ थंड करतो, दमट हवेतील पाणी त्यावर साचते आणि थर दुधट होतो. अशा दिवशी लॅकरचे काम थांबवलेलेच बरे.

मराठीत भा. रा. भागवतांनी जूल व्हर्न आणला, जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे यांनी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला, तरी त्या कथांतील यानांना चित्रांपलीकडे घनरूप क्वचितच लाभले. परदेशी संचांवर हात बसलेल्या माणसाला हे काम पीव्हीसी नळी, सनबोर्ड आणि टाकाऊ खेळण्यांचे भाग घेऊन करता येण्याजोगे आहे. ‘स्टार वॉर्स’च्या कारागिरांनीही रणगाड्यांच्या आणि इतर वाहनांच्या संचांतले सुटे भाग यानांवर चिकटवूनच त्यांना भव्यता आणली होती. मराठी कथेतील यानासाठी सूचनापत्रिका नसल्याने आधी प्रमाण ठरवावे, त्यावरून खिडकीचे माप काढावे, त्या मापाचा तंतू निवडावा आणि भिंती उभ्या करण्यापूर्वीच तारा बाहेर नेण्याची वाट तळाशी, पायाच्या दांड्यातून, राखून ठेवावी.