न्यूपोर्ट : गवतावर टिकलेलं टेनिस

बॉस्टनहून दक्षिणेकडे निघालेली बस पावणेदोन-दोन तासांत न्यूपोर्टला पोचवते. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं आकाराने सर्वांत लहान राज्य. त्यातल्या अ‍ॅक्विडनेक बेटाच्या दक्षिण टोकाला हे गाव वसलं आहे. जुलैत टेनिसच्या आठवड्यात इथे खोली मिळणं कठीण, आणि मिळाली तर तिचं भाडं ऐकून परतीची बस पकडावीशी वाटते. मी दुसरा मार्ग धरला. मुक्काम बॉस्टनला भाच्याकडे आणि सकाळी लवकर निघून न्यूपोर्ट.

गावाचा इतिहास कोणत्याही पर्यटनपुस्तिकेत सापडतो, तेव्हा तो झटपट उरकतो. वसाहत १६३९ ची. देशातली आजही उभी असलेली सर्वांत जुनी सिनेगॉगची इमारत इथलीच, १७६३ सालची. अठराव्या शतकात रम आणि गुलामांच्या व्यापारावर हे बंदर गबर झालं. गाइड मंडळी रमविषयी भरभरून बोलतात, दुसऱ्या विषयावर आवाज जरा खाली येतो. पुढे न्यूयॉर्कचे धनिक उन्हाळा घालवायला इथे येऊ लागले. समुद्राकाठचं ‘द ब्रेकर्स’ हे व्हँडरबिल्टांचं घर १८९५ चं, सत्तर खोल्यांचं. तेही वर्षातले काही आठवडे राहण्यापुरतं! शिडाच्या होड्यांची ‘अमेरिकाज कप’ ही शर्यतही १९३० पासून १९८३ पर्यंत इथल्याच पाण्यात व्हायची. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाने १३२ वर्षांत पहिल्यांदा चषक अमेरिकेबाहेर नेला. ते दुःख गावातल्या वयस्कर मंडळींना अजून पुरतं पचलेलं नाही.

मला बघायचं होतं ते बेलव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवरचं न्यूपोर्ट कॅसिनो. इथे जुगार चालत नाही. हा १८८० साली उघडलेला क्लब आहे. रस्त्यावरून पाहिलं तर नुसती दुकानांची रांग दिसते. कमानीतून आत गेलं की गडद हिरव्या लाकडी सज्जांनी वेढलेली, घोड्याच्या नालेच्या आकाराची हिरवळ एकदम समोर येते. ‘मॅककिम, मीड अँड व्हाइट’ या नामांकित वास्तुविशारदांचं हे काम. शंभरावर उन्हाळे झाले, तरी लाकडाची जाळीदार नक्षी धड आहे.

हे बांधलं एका वर्तमानपत्रवाल्याने, म्हणून आमच्या जमातीला त्याची जरा जास्त आपुलकी. जेम्स गॉर्डन बेनेट हा ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा मालक. आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनला शोधायला स्टॅन्लेला पाठवणारा तोच. आख्यायिका अशी, की बेनेटने आपल्या एका इंग्रज पोलोपटू मित्राला पैजेवर घातलं : रीडिंग रूम या इथल्या सोवळ्या क्लबाच्या व्हरांड्यात घोडा चढवून दाखव. मित्राने दाखवला. क्लबाने पाहुण्याला बंदी घातली. बेनेटला राग आला आणि त्याने जवळच स्वतःचा क्लब उभारला. यात खरं किती आणि नंतर चिकटलेलं किती, यावर इथे आनंदाने वाद घालतात. घोड्याचं नक्की सांगता येणार नाही, राग मात्र खरा असावा. अशी वास्तू नुसत्या हौसेतून उभी राहत नाही.

क्लब उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, अमेरिकेची पहिली राष्ट्रीय टेनिस स्पर्धा याच हिरवळीवर झाली. रिचर्ड सीअर्स जिंकला आणि ओळीने सात वर्षं जिंकत राहिला. आज यूएस ओपन म्हणून जी ओळखली जाते ती हीच स्पर्धा. १९१५ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली आणि न्यूपोर्टकडे गवत उरलं. विसाव्या शतकाच्या मध्याला तर ही जागा पाडून दुकानं काढायचं चाललं होतं. जिमी व्हॅन अ‍ॅलन या इथल्याच श्रीमंत, हट्टी माणसाने १९५४ मध्ये इथे टेनिसचं हॉल ऑफ फेम काढलं आणि वास्तू वाचली. हाच टायब्रेकचा जनक. लांबत जाणारे सेट त्याला असह्य व्हायचे. त्याच्या खटपटीला यश येऊन १९७० च्या यूएस ओपनमध्ये टायब्रेक आला.

न्यूपोर्टचं भारताशी नातं या गवताने जोडलं. इथे चेंडू उसळतच नाही. टप्पा पडला की घोट्याशी सरपटत येतो. बेसलाइनवर ठाण मांडणाऱ्यांचे हाल होतात आणि सर्व्हिसमागे धावत जाऊन व्हॉली मारणाऱ्यांचं फावतं. विजय अमृतराज इथे १९७६, १९८० आणि १९८४ असा तीनदा जिंकला. शेवटचं विजेतेपद तर जेम्स बाँडच्या ‘ऑक्टोपसी’त काम करून आल्यावरचं. लिअँडर पेसचं एटीपी मालिकेतलं एकेरीचं एकमेव विजेतेपद इथलंच, १९९८ सालचं. अंतिम फेरीत त्याने दक्षिण आफ्रिकेच्या नेव्हिल गॉडविनला हरवलं. विजयचा मुलगा प्रकाश २००८ मध्ये आणि रामकुमार रामनाथन २०१८ मध्ये इथे अंतिम फेरीपर्यंत पोचले. बंगळुरूच्या आईवडिलांचा अमेरिकन मुलगा राजीव राम २००९ मध्ये पात्रता फेरीत हरला, कुणीतरी माघार घेतली म्हणून ‘लकी लूजर’ म्हणून आत आला आणि थेट चषक घेऊन गेला.

असल्या निकालांमुळेच ‘कॅसिनोचा शाप’ ही दंतकथा रूढ झाली. १९७६ पासून अग्रमानांकित खेळाडू इथे जिंकायचाच नाही. पस्तीस वर्षांनी, २०११ मध्ये, जॉन इस्नरने तो शाप मोडला. तिकीट तपासणाऱ्या आजोबांना हे विशेष आवडलेलं दिसलं नाही. ‘‘शाप होता तेव्हा मजा होती,’’ म्हणाले.

सामन्यांच्या मध्ये वेळ होता म्हणून आवारातल्या एका बंद इमारतीत डोकावलो आणि दुपार तिथेच गेली. आत ‘कोर्ट टेनिस’ चालतं, म्हणजे आजच्या टेनिसचा राजेराजवाड्यांच्या काळातला पूर्वज. चारही बाजूंना भिंती, त्यांतल्या तीन बाजूंना आपल्या वाड्याच्या पडवीसारखं उतरतं छप्पर. सर्व्हिस करायची ती या छपरावर. चेंडू गडगडत पलीकडे उतरतो. जगात अशी जेमतेम पन्नासेक कोर्टं उरली आहेत. इथला प्रशिक्षक कोपऱ्यातल्या बाकावर बसून चेंडू शिवत होता. हो, शिवत. हे चेंडू कारखान्यात होत नाहीत. बुचाचा गाभा, त्यावर कापडी पट्टी ओढून ओढून गुंडाळलेली, ती दोऱ्याने करकचून बांधलेली, मग हातोडीने ठोकून गोल केलेली, आणि वर फेल्टचे दोन तुकडे बारीक टाक्यांनी जोडलेले. आत रबर नाही, हवा नाही. त्याने एक माझ्या हातात ठेवला. आकाराने नेहमीचा, पण वजनाला भारी. फेल्ट झिजलं की उसवायचं आणि त्याच गाभ्यावर नवं चढवायचं. शिकवण्यापेक्षा शिवण्यातच जास्त वेळ जातो का, असं विचारलं तर हसला, पण सुई थांबली नाही. उजव्या हाताच्या बोटांवर दोऱ्याचे वळ होते. शेजारच्या स्टेडियममध्ये दर काही गेमनंतर पंच ‘न्यू बॉल्स’ पुकारत होते आणि इथे एक चेंडू अर्धा तास शिवला जात होता.

आता थोडी तक्रार. २०२४ पर्यंत ही एटीपी मालिकेतली स्पर्धा होती, विम्बल्डननंतरच्या आठवड्यात व्हायची. २०२५ मध्ये तिची पायरी उतरली. ती चॅलेंजर दर्जाची झाली आणि विम्बल्डनच्या दुसऱ्याच आठवड्यात आली. ज्याला लंडनमध्ये गवत आहे तो इथे कशाला येईल? जमेची बाजू एवढीच, की १९९० नंतर प्रथमच महिलांची स्पर्धा परतली. व्यावसायिक टेनिसच्या वेळापत्रकाला जुन्या जागांची कदर नाही, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. बालेवाडीत २०१८ ला आलेली स्पर्धा २०२३ नंतर गेली, ती गेलीच.

गावातही बदल आहेत. धक्क्यावर क्रूझ जहाजांची गर्दी, टेम्स स्ट्रीटवर टी-शर्टांची दुकानं. बंगल्यांच्या मागून समुद्राकाठाने जाणाऱ्या साडेतीन मैलांच्या क्लिफ वॉकचा एक तुकडा २०२२ च्या मार्चमध्ये खाली कोसळला. खाणं मात्र जागेवर आहे. ‘क्वाहॉग’ हा तिसऱ्यांचा दांडगा भाऊबंद. त्याचं मांस पावाच्या चुऱ्यात मिसळून, शिंपल्यातच भरून भाजतात. मीठ कमी, तिखट नाही, पण दोन सहज जातात.

हॉल ऑफ फेममध्ये जुलै २०२४ मध्ये विजय अमृतराज आणि लिअँडर पेस दाखल झाले. तो मान मिळवणारे हे पहिले आशियाई पुरुष. लिअँडरचे वडील वेस पेस गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हॉकीच्या कांस्यपदक विजेत्या संघातले. तेव्हा यात थोडा वाटा आपल्याकडचाही.

बॉस्टन-न्यूयॉर्ककडे मुलांकडे जाणाऱ्या मराठी आईबाबांनी एक दिवस इकडे काढावा. चॅलेंजरची तिकिटं मोठ्या स्पर्धांच्या मानाने स्वस्त पडतात आणि खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात. स्पर्धेचा आठवडा चुकला तरी संग्रहालय बघता येतं. उन्हाळ्यात याच हिरवळीवर भाडं भरून कोणालाही खेळता येतं; कपडे तेवढे पांढरे हवेत.