फलकावरची सगळी अक्षरं दिसतात, तरी...

खानदेशात उन्हाळ्यात पोराचं डोकं दुखलं, उलटी झाली की घरात दोनच निदानं होतात: ऊन लागलं, नाहीतर पित्त झालं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो, त्यामुळे हे निदान बऱ्याचदा बरोबरही निघतं. पण उन्हाचं डोकं दुपारी चढतं. सकाळी उठताना दुखणारं, आडवं झालं की वाढणारं आणि उलटी झाल्यावर थोडं उतरणारं डोकं आठवडेच्या आठवडे चालू राहिलं, तर कवटीच्या आतला दाब वाढल्याची शंका घ्यायला हवी. मेंदूतली गाठ, क्षयाचा मेंदूज्वर, डोक्यात साठलेलं पाणी, रक्तवाहिनीतली गुठळी, अशी त्याची कारणं अनेक आहेत. तान्ह्या बाळाची टाळू उघडी असते, त्यामुळे दाब वाढला की डोकं मोठं होताना दिसतं. टाळू भरली, कवटीची हाडं जुळली की ही खूण उरत नाही. डोळ्याच्या नसेभोवती मात्र मेंदूचीच आवरणं आणि त्यांतलं पाणी थेट बुबुळामागच्या पडद्यापर्यंत आलेलं असतं. दाब तिथे पोचतो आणि नसेचं तोंड सुजतं. डॉक्टर याला पॅपिलेडिमा म्हणतात.

खरी फसगत पुढे आहे. या सुजेत मधली नजर बराच काळ शाबूत राहते आणि कडेची हळूहळू जाते. वाकून उठताना काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी एकाचे दोन दिसतात. आठ वर्षांचं मूल यातलं काही सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी त्याची समजूत असते. शाळेत फलकासमोर उभं केलं की ते शेवटची ओळही वाचतं आणि कागदावर 6/6 लिहिलं जातं. म्हणून माझं म्हणणं एवढंच की अशी डोकेदुखी असलेल्या मुलाची तपासणी फलकावर थांबू नये, पडदा पाहिलाच पाहिजे. त्यासाठीचं उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1851 मध्ये जगापुढे ठेवलं आणि नसेच्या सुजेचा मेंदूतल्या गाठीशी असलेला संबंध नेत्रतज्ज्ञ ग्रेफेने 1860 मध्ये दाखवला. ज्ञान जुनंच आहे. निरोगी नसेचं तोंड फिकट गुलाबी, रेखीव कडांचं असतं. सूज आली की कडा पुसट होतात, भोवती रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. पुढे सूज ओसरून ते पांढरं पडलं, तर त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. सुजायला तंतूच उरलेले नसतात, आणि मेलेले तंतू परत येत नाहीत.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील की मुलांची बहुतेक डोकेदुखी साधी किंवा अर्धशिशीची असते, प्रत्येकाचा स्कॅन कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे, पण तो पडदा पाहण्याच्या बाजूनेच जातो. थेंब टाकून थोड्या वेळात होणारी ही तपासणीच स्कॅनची घाई कुणाला आहे ते सांगते. काही मुलांची नस जन्मतःच फुगीर दिसते, तिथे सोनोग्राफीने खरी-खोटी सूज बरीचशी ओळखता येते. दुसरा आक्षेप माणसांचा: यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर नेत्रतज्ज्ञ कुठून आणायचा? आणायची गरजच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, त्याची पथकं शाळा-अंगणवाड्यांत जातात. 'सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, उलटी होते का' एवढं त्यांनी विचारावं आणि हो म्हणणाऱ्या मुलाला धुळ्याच्या हिरे महाविद्यालयाच्या किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात धाडावं. तिथून पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाशिक-मुंबई गाठावी लागली, तरी खर्चाला आज महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. 2012 मध्ये ती जुन्या नावाने आली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतंच.

उपचार कारणानुसार बदलतात. कुठे गाठ काढतात, कुठे क्षयाची औषधं चालतात, कुठे पाणी पोटात उतरवणारी नळी बसवतात. नळी बसवली म्हणजे सुटलो, असं मात्र घरच्यांनी धरू नये. ती वाढत्या वयात तुंबू शकते, आणि पहिल्या वेळी नस पांढरी पडलेली असली तर दुसऱ्यांदा ती सुजून इशारा देईलच असं नाही. अशा मुलाचं डोकं पुन्हा दुखू लागलं, तर पडदा ठीक दिसला तरीही नळी तपासून घ्यावी लागते, तीही त्याच दिवशी.