आयनांबरातील बुडबुडे आणि उपग्रहसंदेशांची लुकलुक

जीपीएस उपग्रहाचा संदेश सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून निघतो आणि वाटेत आयनांबर ओलांडतो. तेथील इलेक्ट्रॉनांची घनता एकसारखी असेल, तर त्याला थोडा उशीर होतो, एवढेच. घनतेत काही शे मीटर आकाराचे चढउतार असले, की तरंगाचे शेजारशेजारचे भाग वेगवेगळ्या कलेत बाहेर पडतात आणि खाली येताना एकमेकांत मिसळतात. जमिनीवर कुठे संदेश प्रबळ, कुठे क्षीण अशी नक्षी तयार होते. ती सरकत राहते, त्यामुळे रिसीव्हरकडे येणारा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. यालाच सिंटिलेशन म्हणतात.

भारतात याची सुरुवात चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ होते. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा थर झपाट्याने विरतो. त्याच सुमारास विद्युत्‌क्षेत्र वाढून वरचा एफ थर आणखी उचलला जातो. दाट थर वर, विरळ खाली अशी अस्थिर स्थिती होते आणि विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढू लागतात. चुंबकीय बलरेषांना धरून ते उत्तर-दक्षिण लांबतात. बुडबुडा जितका उंच चढेल, तितकी त्याची टोके विषुववृत्तापासून दूर पोचतात. म्हणूनच कोल्हापूरच्या आकाशाच्या ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या छायाचित्रांत ते उत्तर-दक्षिण काळे पट्टे होऊन दिसतात. हे पट्टे सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने पूर्वेकडे सरकतात.

सिंटिलेशन मोजणारा रिसीव्हर संदेशाची तीव्रता सेकंदाला ५० वेळा नोंदवतो. मिनिटभरातील नोंदींच्या प्रमाण विचलनाला सरासरीने भागले, की एस-४ निर्देशांक मिळतो. शांत वेळी तो ०.१ च्या आसपास राहतो. बुडबुडा वाटेत आला, की ०.५ च्याही पुढे जाऊ शकतो. क्षितिजालगतच्या उपग्रहांच्या नोंदी सहसा वगळतात, कारण इमारतींवरून परावर्तित झालेले संदेशही असाच चढउतार दाखवतात.

आयनांबरामुळे होणारा उशीर दोन वारंवारता वापरून काढून टाकता येतो. सिंटिलेशनला हा उपाय पुरत नाही, कारण खोल घसरणीत संदेशावरची पकडच सुटते. वारंवारता जास्त असेल, तर त्रास कमी होतो; भारताच्या ‘नाविक’ या उपग्रहप्रणालीच्या एस पट्ट्यावर तो कमी वारंवारतेच्या एल-५ पट्ट्यापेक्षा सौम्य असतो.

मध्यरात्रीच्या सुमारास विद्युत्‌क्षेत्राची दिशा उलटलेली असते. एफ थर खाली उतरतो, नवे बुडबुडे सहसा बनत नाहीत आणि जुन्यांतील बारीक चढउतार विरत जातात. वर्षात मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने, तर सौरचक्रात कमाल डागांची वर्षे सर्वाधिक उपद्रवाची असतात.