अंध क्रिकेट : टाळ्यांपलीकडचा खेळ

२ नोव्हेंबर २०२५ला हरमनप्रीत कौरच्या संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि रात्री उशिरापर्यंत रस्त्यांवर जल्लोष चालला. त्याच महिन्यात, २३ तारखेला, कोलंबोत भारताच्या आणखी एका महिला संघाने विश्वचषक जिंकला. अंध महिलांच्या पहिल्यावहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दीपिका टी. सी.च्या संघाने नेपाळला सात गडी राखून हरवलं. संघाची उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची. या खेळाबद्दल आपल्याकडे अजून बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज असा, की दिसत नसताना खेळायचं म्हणजे खेळ सोपा करून दिलेला असणार. वस्तुस्थिती वेगळी आहे. इथे जे डोळ्यांनी टिपायचं, ते कानांनी टिपावं लागतं. प्लॅस्टिकच्या कडक चेंडूत छर्रे असतात, त्यांच्या खुळखुळाटावरून चेंडू कुठे आहे ते ओळखायचं. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाज ‘यस’ म्हणतो आणि ‘प्ले’ म्हणत चेंडू हाताखालून सुटतो. त्याचा टप्पा खेळपट्टीच्या मध्यरेषेआधी पडलाच पाहिजे. चेंडू जमिनीलगत येतो, म्हणून गुडघ्यावर बसून मारलेला स्वीप हा इथला हुकमी फटका. आता डोळे मिटून कल्पना करा : सरपटत येणाऱ्या खुळखुळाटाचा वेग, दिशा आणि वेळ क्षणात जुळवून बॅट फिरवायची. याला सोपं कोण म्हणेल?

‘पूर्ण अंध खेळाडू संघात नावापुरतेच असणार, धावा थोडंफार दिसणारेच काढणार,’ हा दुसरा समज. प्रत्यक्षात अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध असावेच लागतात, उरलेले अंशतः दृष्टी असलेले. पूर्ण अंध फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. त्यांनी घातलेल्या काळ्या चष्म्यातून उजेडही दिसत नाही, त्यामुळे शंकेला जागा राहत नाही. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी दिसतं, त्याच्या खांद्यावर संघाची मोठी जबाबदारी. समावेशक खेळाचा अर्थ या नियमाइतका स्वच्छ क्वचितच कुठे दिसतो. कडेला बसवून टाळ्या वाजवायला लावण्यापेक्षा ‘तुझ्याशिवाय जिंकता येणार नाही’ हे ऐकवणं माणसाला खरं उभं करतं.

हा खेळ कुणा दानशूरानेही सुरू केलेला नाही. १९२२मध्ये मेलबर्नच्या एका कारखान्यातल्या अंध कामगारांनी डब्यात खडे घालून त्याचा चेंडू केला. जागतिक अंध क्रिकेट परिषद १९९६मध्ये दिल्लीत स्थापन झाली आणि पहिला विश्वचषकही १९९८मध्ये तिथेच रंगला.

शेवटचा समज सर्वांत घातक : चषक जिंकला की आयुष्य मार्गी लागलं. शिवमोग्ग्याच्या अंधशाळेत क्रिकेट शिकलेल्या शेखर नाईकने भारताला २०१२चा टी-ट्वेंटी आणि २०१४चा एकदिवसीय विश्वचषक जिंकून दिला. २०१७मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी, दोन मुलींचा हा बाप कायमच्या नोकरीच्या शोधात होता. क्रिकेटने त्याला ओळख दिली, संघ दिला, देशाचं नेतृत्व दिलं. पण घर चालवण्यासाठी पगार लागतो आणि तो नुसत्या कौतुकातून येत नाही.

तरीही या खेळाने घडणारा बदल खोटा नाही, आणि तो चषकाच्या फार आधी सुरू होतो. कोलंबोच्या अंतिम सामन्यात नाबाद ४४ धावा काढणारी फुला सरेन ओडिशातल्या संताळ आदिवासी कुटुंबातली. संघातल्या बऱ्याच जणी अशाच खेड्यापाड्यांतून आल्या. ज्या मुलीला घराबाहेर एकटी कशी पाठवायची असा घरच्यांना प्रश्न पडतो, ती तालमीसाठी परगावी जाते, सोबतिणींबरोबर राहते, हरते, चिडते, पुन्हा सरावाला उभी राहते.

त्यासाठी लागतं काय? खुळखुळणारा चेंडू, आवाज करणारे धातूचे स्टंप आणि मैदान. महाराष्ट्रात गल्लोगल्ली क्रिकेट मंडळं आहेत आणि अनेक शहरांत अंधशाळा आहेत. या मंडळांनी आठवड्यातली एक सकाळ जवळच्या अंधशाळेतल्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी, आणि स्पर्धेचं वेळापत्रक आखताना त्यांचा सामनाही त्यात घ्यावा.