मोहरी ते पाने, व्हाया बोराट्याची नाळ

पहाटे 4.45. मोहरीतल्या ज्या घराच्या पडवीत आम्ही पाठ टेकली, तिथल्या मावशी माझ्याआधी उठल्यात. चूल पेटलीय. "चहा घे आधी, पोरांना मागनं उठव," म्हणाल्या. राजगड-तोरणा-रायगड या चालीतला हा तिसरा दिवस. बेलपाड्याहून निघालेली आमची बाराजणांची टोळी खारघर-पनवेलचीच. पांडवकड्याचा डोंगर बघत वाढलेली, पण पाठीवर ओझं घेऊन सलग चालायची बहुतेकांची पहिलीच वेळ.

5.30. सॅक मी स्वतः तपासतो. स्लीपिंग बॅग तळाला, स्टोव्ह आणि शिधा मध्ये पाठीला चिकटून, रोप सगळ्यात वर. बाहेर लोंबणारी प्रत्येक मॅट सोडून आत घालायला लावतो. सपाटीवर तिचा त्रास नसतो, पण बोराट्याच्या नाळेतल्या आडव्या टप्प्यावर ती कातळाला घासते आणि माणूस दरीच्या बाजूला ढकलला जातो. माणशी तीन लिटर पाणी. हिवाळ्यात नाळेत पाण्याचा भरवसा नाही. जेवणाचे आणि पडवीचे पैसे मावशींच्या हातात देतो. "राहू दे" म्हणतात, तरी देतो. या वाटेवर मुक्काम करता येतो तो अशा घरांमुळे, आणि आदरातिथ्याच्या नावाखाली फुकट खाणं मला पटत नाही.

7.00. रायलिंग पठार. समोर लिंगाण्याचा सुळका, जिथे शिवकाळात कैदी ठेवत. त्यामागे रायगड. तोरणा स्वराज्यातल्या सुरुवातीच्या किल्ल्यांपैकी, राजगड पहिली राजधानी, आणि 6 जून 1674 ला शिवरायांचा राज्याभिषेक झाला तो रायगड. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत बारा किल्ले गेले, त्यांत राजगड आणि रायगड आहेत. पण त्यांना जोडणाऱ्या घाटवाटा कुठल्याच यादीत नाहीत. गड गाडीनं आणि रोपवेनं पाहता येतो; दोन गडांमधलं अंतर मात्र पायांनाच कळतं. म्हणून मी पोरांना इथे आणतो.

8.00. नाळेचं तोंड. कोकणाकडे उतरणारी वाट, त्यामुळे दुपारपर्यंत सावली. पहाटे निघायचं ते याचसाठी. खाली नुसता घसारा आणि माणसाएवढे धोंडे. एकाच्या डोक्यावर दुसरा येणार नाही असं अंतर ठेवायचं, दगड सुटला की सुटणाऱ्यानं लगेच "दगड!" ओरडायचं, लाजायचं नाही. पुढे आमचा अनुभवी गडी, शेवटी मी. लीडर पुढे हवा असं नव्यांना वाटतं. माझ्या मते त्याची जागा शेवटीच. ज्याचे गुडघे थरथरताहेत, ज्याचं पाणी संपलंय, ज्याला "थांबू या" म्हणायचा संकोच वाटतोय, तो मागेच असतो.

10.15. आडवा टप्पा. कातळात पाऊलभर रुंदीची वाट, एका बाजूला दरी. रोप बांधतो. एकेक जण, सॅकसकट, छाती कातळाकडे. एक मुलगी मध्येच थांबते. तिला घाई करायची नाही. "डावा पाय. आता हात सोडू नकोस. उजवा." एवढंच बोलत राहतो. ती पोचते. बाराजणांना तासाच्या वर लागतो आणि तो लागू द्यायचा असतो. लांबच्या चालीत अपघात होतात ते बहुधा वेळापत्रक गाठायच्या नादात.

11.45. लिंगाण्याच्या खिंडीत गूळ-शेंगदाणे. दीडच्या सुमारास माची, तिथे भाकरी.

4.00. पाने. अंगणात बूट काढायला लावतो आणि प्रत्येकाचे तळवे बघतो. लाल झालेल्या जागी फोड यायच्या आत चिकटपट्टी. उशीर झाला की उद्याची चाल जाते. एकाच्या बुटाचा तळ सुटलाय, तो नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधला.

7.30. खिचडी, पापड. प्लास्टिक वेगळ्या पिशवीत भरलं; ते गावात जाळायचं नाही, पनवेलपर्यंत आमच्याच पाठीवर येणार.

9.00. उद्याचं सांगून टाकतो: पाचला उठायचं, उन्हाच्या आत रायगड चढायचा, वर मुक्काम नाही. दुपारी पाचाडला उतरून महाडची एसटी. दोरी बांधलेल्या बुटाचा गडी उद्या माझ्यापुढे चालेल, आणि त्याच्या सॅकमधला तांदूळ आत्ताच दोघांनी वाटून घ्यायचा.