विश्लेषण : वेम्बलीतल्या ‘ताजमहाला’वर पुण्यातील नेमस्त नेत्याचा बहिष्कार का?

लंडनजवळच्या वेम्बलीत २३ एप्रिल १९२४ रोजी ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शन सुरू झाले. भारताचा मंडप ताजमहाल आणि दिल्लीच्या जामा मशिदीच्या धर्तीवर उभारलेला होता. पांढराशुभ्र, घुमट-मिनारांचा. गर्दी खेचायला गारुडी आणि जादूगारही होते. मात्र, या प्रदर्शनावर भारतीयांनी बहिष्कार घालावा, अशी हाक आदल्याच वर्षी व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी दिली होती. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे ते अध्यक्ष.

नेमस्त शास्त्री बहिष्कारापर्यंत का गेले?

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापलेली ही संस्था नेमस्तांची. बहिष्कार हे टिळकांचे, नंतर गांधीजींचे हत्यार. शास्त्री तर असहकाराचे विरोधक. अर्ज, चर्चा, शिष्टमंडळे यांवर त्यांची भिस्त. १९२१च्या साम्राज्य परिषदेत त्यांनी वसाहतींतील भारतीयांना समान हक्क देण्याचा ठराव संमत करून घेतला. विरोध फक्त दक्षिण आफ्रिकेचा होता.

दोनच वर्षांत त्या ठरावाची किंमत कळली. जुलै १९२३ मध्ये ब्रिटिश सरकारने केनियाचे धोरण जाहीर केले. तिथली थंड हवेची, सुपीक उंचावरची जमीन युरोपीयांसाठीच राखीव राहिली. कायदेमंडळात युरोपीयांना ११ जागा, भारतीयांना पाच. वास्तविक केनियात भारतीयांची संख्या युरोपीयांच्या दुपटीहून जास्त होती! वेम्बलीत भारताच्या घुमटांचे कौतुक आणि केनियात भारतीयांना जमीन नाही, ही विसंगती नेमस्तांनाही झेपणारी नव्हती.

प्रदर्शनाचे काय झाले?

ते धूमधडाक्यात झाले. भारत सरकार सामील झालेच; मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी सजवलेले दालनही तिथे गेले. पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ७० लाख लोक आले. तुतनखामेनच्या थडग्याची प्रतिकृती, लोण्यात घडवलेले युवराज असे नग त्यांना पाहायला मिळाले. नायजेरियाच्या विभागात तर जिवंत माणसेच ‘पाहायला’ ठेवली होती. त्यांच्यावरील हेटाळणीच्या मजकुराविरुद्ध लंडनमधील पश्चिम आफ्रिकी विद्यार्थ्यांनी आवाज उठवला.

१९२५ मध्ये प्रदर्शन पुन्हा भरले, तेव्हा भारत सरकार अधिकृतपणे सहभागी झाले नाही. मंडप खासगी व्यावसायिकांच्या हाती गेला. केनियातील ती जमीन मात्र युरोपीयांकडेच राहिली.