कोकणच्या पाण्यातून, कोकण वगळून

शिळफाट्यावर समुद्राचा विषय निघाला की बोलणं अलिबागच्या पुढे सरकत नाही. तालुका खालापूर, जिल्हा रायगड. जिल्ह्यापुरता किनारा आमचाही, पण रोजचा संबंध घाटाशी, ट्रकांशी आणि खोपोली लोकलशी. तरी ज्या रस्त्यावर हा फाटा आहे, तो मुळात बोटीशी जोडलेला होता. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि खालापूर, खोपोली करत बोरघाट चढायचा. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. १८६३ मध्ये रेल्वे घाट चढून गेली आणि पनवेलच्या बोटीचं महत्त्व ओसरलं. पाताळगंगेने मात्र आपली वाट बदलली नाही. टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी घेऊन ती आजही खोपोलीतून धरमतरच्या खाडीकडे जाते.

आता त्याच समुद्रावर आमच्याकडची माणसं हौसेने जाऊ लागली आहेत. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, भिशीच्या बायकांची सहल, मुलाचा पहिला पगार, असं काही ना काही निमित्त होतं आणि महाबळेश्वरऐवजी क्रूझ ठरते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून बॅलार्ड पिअर गाठणंही सोपं झालंय. या प्रवासाची खरी चव बंदरात नसते. ती मधल्या दिवसात असते, ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही. तो दिवस मी अनुभवला आणि त्यानंतर या पाण्यावरून गेलेल्या बोटींचा मागोवा घ्यावासा वाटला.

दोन पिढ्यांपूर्वी मुंबईहून सुटणारी बोट म्हणजे कोकणी माणसाची एस.टी. होती. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या. त्यांच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून लोकांच्या भांडवलातून उभी राहिलेली, ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणून ओळखली जाणारी सहकारी कंपनी होती. पुढच्या काळात चौगुल्यांच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आल्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी पणजी, अशी नावं घेत त्या किनाऱ्याकिनाऱ्याने जायच्या. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. ती बंदराबाहेर नांगर टाकायची, भोंगा द्यायची, मग किनाऱ्यावरून पडाव यायचे. हलत्या बोटीतून हलत्या पडावात पाय टाकायचा, ट्रंका, करंड्या आणि पोरं एकामागोमाग खाली द्यायची. पावसाळ्यात बोटी बंद. गणपतीपर्यंत त्या सुरू होतात की नाही, याकडे अख्खी चाळ डोळे लावून बसायची.

त्या बोटींची आठवण काढताना ‘रामदास’ला बाजूला ठेवता येत नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली. रेवस धरमतर खाडीच्या तोंडाशी आहे. पाताळगंगेचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथलीच ही गोष्ट, म्हणून शिळफाट्याच्या माणसाने ती परकी मानू नये असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला कोकण बोट थांबली. रस्ते झाले होते, एस.टी. गावागावांत पोचली होती. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटमरान मुंबई-गोवा धावली, तीही टिकली नाही. जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि समुद्रावरून गावी जायचं कारणच उरलं नाही.

मग समुद्र परत आला तो करमणूक म्हणून. स्टार क्रूझेसचं ‘सुपरस्टार लिब्रा’ काही हंगाम मुंबईहून सुटायचं. २०१६ च्या अखेरीला इटालियन कोस्टा कंपनीने मुंबई-मालदीव फेऱ्या सुरू केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ आली. कान्होजी आंग्र्यांचं नाव, जपानमध्ये बांधलेली बोट, रात्रभरात मुंबईहून गोवा. या सगळ्यांत मला तीच सर्वांत जवळची वाटली होती, कारण तिचा आकार माणसाला पेलणारा होता आणि नाव आपल्या किनाऱ्याचं होतं. एप्रिल २०१९ मध्ये जलेश क्रूझेसने ‘कर्णिका’ आणली. रेंझो पियानो या नामवंत वास्तुकाराच्या रेखाटनाचं, १९९० चं हे सुमारे सत्तर हजार टनी जहाज मुंबईला धड दोन हंगामही लाभलं नाही. कोविडमध्ये कंपनी बंद पडली आणि २०२० संपण्याआधी जहाज अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं.

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ सुरू झालं आणि तग धरून राहिलं. तेही १९९० चंच, फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेलं, २१० मीटर लांब. पण ते मुळातच तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी बांधलेलं होतं आणि सुरुवातीची वर्षं मायामीहून बहामाला जायचं. आपल्याकडच्या माणसाला सुट्टी तेवढीच मिळते. हे जहाज टिकण्यामागे जाहिरातींपेक्षा हा जुळलेला मेळ मोठा आहे, असं माझं मत आहे.

आमची फेरी लक्षद्वीपची होती. बरोबर माझी मावशी होती, माहेर देवगडकडचं. लहानपणी कोकण बोटीने गेलेली. निघण्याआधी सगळ्यांना जमवून लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा कसा वाजला की कुठे जमायचं, हे दाखवतात. ‘टायटॅनिक’नंतर १९१४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातून ही शिस्त आली आणि २०१२ च्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’च्या अपघातानंतर आणखी कडक झाली. आजूबाजूला सेल्फी चालले होते. मावशी मात्र पट्टा कुठून कुठे जातो ते बोटाने चाचपून बघत होती. ‘रामदास’ तिच्या घरात बोलली जायची.

संध्याकाळी बंदर सोडताना कुलाब्याचं प्राँग्सचं दीपगृह मागे पडलं. अंधार पडता पडता डावीकडे खांदेरीचा दिवा लागलेला दिसला. त्यानंतर किनारा संपला.

सकाळी डेकवर आलो तर चारही बाजूंना फक्त पाणी होतं. मुंबईच्या मातकट पाण्याचा मागमूस नव्हता, शाईसारखा गडद निळा रंग. जहाजाच्या पुढच्या टोकाशी उभं राहिलं की पाण्यातून उडणारे मासे झुंडीने निघतात, लाटेला समांतर जातात आणि दूरवर पुन्हा आत शिरतात. मागच्या टोकाला इंजिनाची थरथर तळपायांना जाणवते. पांढऱ्या फेसाचा पट्टा क्षितिजापर्यंत सरळ गेलेला असतो, पण त्यावर नजर ठरत नाही. तीसएक मीटर उंचीवरून क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर असतं. म्हणजे दिवसभर आपण चाळीस किलोमीटर व्यासाच्या एका गोलाच्या मध्यभागी असतो आणि तो गोल आपल्याबरोबर सरकत राहतो. फोनला रेंज नाही. आतमध्ये हाऊजी, गाणी, जैन जेवणाची वेगळी रांग, तरणतलावात पोरांचा दंगा, हे सगळं चालूच असतं. त्यात काही वाईट नाही. पण दुपारी दोन वाजता बाहेरच्या डेकवर मोजकी माणसं होती. समुद्रावर येऊन समुद्र न बघता परतणारे फार, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मावशी कठड्याशी बसली होती. चहाचे कप गोळा करणारा मुलगा मराठी बोलतो हे कळल्यावर तिने विचारलं, “बाळा, देवगड कुठल्या अंगाला?”

“डाव्या अंगाला होतं, आजी. रात्रीच गेलं. पहाटेच्या आधीच.”

“मग आता काय लागणार?”

“काहीच नाही, आजी. उद्या सकाळी बेटं.”

त्याचा हिशेब बरोबर होता. तासाला तीसएक किलोमीटर वेगाने संध्याकाळी सुटलेलं जहाज रात्री दहाच्या सुमाराला सुवर्णदुर्गासमोर असतं, उत्तररात्री विजयदुर्गासमोर आणि पहाटे सिंधुदुर्गासमोर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यांतले हे तीन आणि खांदेरी, असे चारही पाण्यातले किंवा पाण्याकाठचे किल्ले याच वाटेवर आहेत. खांदेरीचा निदान दिवा दिसतो, बाकीचे झोपेत मागे पडतात. जहाजावर कुणी त्यांचं नावही घेत नाही. ज्या पाण्यावर एकेकाळी प्रत्येक बंदराचं नाव घेत बोट जायची, तिथून आता हजारो माणसं जातात आणि कोकण तेवढं वगळलं जातं.

कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. आपली जुनी बंदरं गाळाने भरली आहेत, दोनशे मीटरचं जहाज लागेल असा धक्का तिथे नाही. जहाजाला गोव्याचा किंवा लक्षद्वीपचा दिवस उजेडात हवा असतो, म्हणून कोकणच्या वाट्याला रात्र येते. पण दुसऱ्या दिवशी अगत्तीला पोचलो तेव्हा जे पाहिलं, त्याने धक्क्याचं कारण मला अपुरं वाटायला लागलं. तिथेही जहाज धक्क्याला लागलं नाही. बाहेर खोल पाण्यात थांबलं, बेटावरून छोट्या होड्या आल्या आणि माणसं त्यांत उतरून किनाऱ्यावर गेली. मावशी म्हणाली, “हे तर आमचे पडाव.” खलाशाचा हात धरून ती होडीत उतरली ती अगदी सराईतासारखी.

अगत्तीत जे जमतं ते मालवणला किंवा विजयदुर्गला ऑक्टोबर ते मे या काळात का जमू नये? पडाव चालवणाऱ्यांची नातवंडं आज तिथे पर्यटकांना किल्ल्यावर नेतात, म्हणजे होड्या आहेत, हातही आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा गोदीत नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो मार्च २०२० पासून जाते, आणि ती सेवा विजयदुर्गापर्यंत नेण्याची घोषणाही २०२५ मध्ये झाली. मुंबईची सोय झाली, आता किनाऱ्याची व्हावी. हंगामातल्या थोड्या फेऱ्या तरी सकाळी सोडाव्यात, किनारा दिसेल इतक्या अंतरावरून न्याव्यात, एक दिवस मालवणसमोर नांगर टाकावा. आणि ध्वनिक्षेपकावर हाऊजीचे आकडे पुकारतात, तसं हर्णे, जयगड, देवगड पुकारावं. तिकीट काढायला आमच्या फाट्यावरून माणसं जातील, मावशी सगळ्यांत आधी.